पाहुण्यानं मागितलं तर

चतुराबाई चिडल्या नाहीत असा दिवस नवाबपुऱ्यातल्या त्या बोळात कुणाला आठवत नाही. नळाला पाणी उशिरा आलं म्हणून त्या चिडत, आणि वेळेवर आलं तर भांडी रिकामी नव्हती म्हणून चिडत. पण हा सगळा राग मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेला. बालवाडीतल्या पोरांवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. एखादं पोर पाटीवर थुंकून ती बाहीनं पुसत असलं, तरी त्या शेजारी बसून म्हणत, आता जरा कोरड्या बाजूनं पूस. आणि त्याच पोराला न्यायला आलेल्या बापानं दारात विडीचं थोटूक टाकलं, की त्याची अशी खरडपट्टी निघे की दुसऱ्या दिवशी तो बायकोला पाठवी.

त्या मूळच्या फुलंब्रीच्या. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा परकर-पोलक्यात होत्या. आधी निजामाच्या शाळेत अलिफ-बे गिरवलं, आणि हात बसतो न बसतो तोच राज्य बदललं, मास्तर बदलले, नि पुन्हा ग म भ न पासून सुरुवात. आपल्याला दोनदा पहिलीत बसवलं याचा रागही त्यांनी जन्मभर सांभाळला. पुढं लग्न झालं, नवरा विषमज्वरानं गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. भावजयीच्या हाताखाली भाकरी थापत बसायचं नाही म्हणून त्यांनी बालसेविकेचं शिक्षण घेतलं आणि औरंगाबादेत खोली करून राहिल्या. एका महिला मंडळानं बालवाडी काढली होती, तिथं लागल्या. मंडळ महिलांचं, अध्यक्ष मात्र तात्यासाहेब. सह्या करायला कुणीतरी जबाबदार माणूस हवा, असं खुद्द तात्यासाहेबांचंच म्हणणं होतं. कोर्टातली नोकरी संपवून ते निवृत्त झाले होते आणि ऐकून घेणारी माणसं शोधत फिरत होते.

बालवाडीच्या जागेत पूर्वी टांग्याचे घोडे बांधत. भिंतीतल्या कड्या अजून तशाच होत्या, पोरं त्यांना लोंबकळत. मागं एक कोंदट खोली होती, तिथं सुकडीचे, म्हणजे पोरांना वाटायच्या सरकारी गोड पिठाचे, डबे ठेवलेले. सुकडी दुष्काळात सुरू झाली, दुष्काळ सरला तरी चालूच राहिली. ती वाटायची ठरल्या वेळी आणि ठरल्या वाटीनं, हा चतुराबाईंचा नियम. वेळेआधी एक कण मिळायचा नाही, अगदी तात्यासाहेबांच्या नातवालासुद्धा.

मदतीला बिल्किस होती. रोज सकाळी ती एक लांब सुती दोर घेऊन गल्ल्यांतून फिरे, प्रत्येक घरातलं पोर त्या दोराला धरे, आणि ही मिरवणूक चालत बालवाडीत येई. बिल्किस शांत, चतुराबाई अशा. दोघींत सारखं काही नव्हतं, एक गोष्ट सोडून. पोलीस ॲक्शनच्या त्या धामधुमीच्या वर्षात दोघी लहान होत्या, आणि दोघींच्या घरी मोठी माणसं पोरांसमोरच सगळं बोलत असत, कुठल्या गावात काय झालं, कुठल्या विहिरीत काय सापडलं. चतुराबाईंनी रझाकारांच्या हकिकती ऐकल्या, बिल्किसनं रझाकार हरल्यानंतरच्या. पुढं कितीतरी वर्षं चतुराबाईंना दिवसासुद्धा विहिरीजवळून एकटीनं जाववत नसे. हे त्यांनी एकमेकींना एकदाच सांगितलं होतं, डबे घासता घासता. पोरांना असलं काही ऐकू द्यायचं नाही, हे मात्र न ठरवताच ठरलं होतं.

आणि तरीही ते झालं. कसं झालं ते ऐका.

श्रावण लागला होता. तात्यासाहेबांच्या मनात आलं की बालवाडीच्या पोरांना एकदा पिक्चर दाखवावा. टॉकीजचा मालक त्यांच्या ओळखीचा. तो म्हणाला, सकाळचा खेळ पोरांना फुकट. दोन पिक्चर हाताशी होते. एक घोड्यावरच्या शिलेदाराचा, त्यात तलवारी होत्या आणि एक नाच होता. तात्यासाहेबांनी तो ऐकूनच झटकून टाकला. लहान लेकरांना मारामारी दाखवायची म्हणजे काय, त्यांच्या मनावर काय परिणाम होईल, यावर त्यांनी मंडळाच्या बायकांना चांगलं तासभर सुनावलं. मग दुसरा निवडला. देवाधर्माचा, श्रावणाला साजेसा. श्रियाळ राजा आणि चिलया बाळाचा.

चतुराबाईंनी होकाराची मान हलवली. ती गोष्ट त्यांनीही लहानपणी चुलतीच्या मांडीवर ऐकली होती. महादेव गोसाव्याच्या रूपात पाहुणा म्हणून येतो आणि राजाराणीकडं त्यांच्या लेकराचंच मांस जेवायला मागतो. पाहुणा विन्मुख जाऊ नये म्हणून ती दोघं पोराला कापतात, राणी डोळ्यांत पाणी न आणता त्याचं डोकं उखळात कांडते, आणि शेवटी देव प्रसन्न होतो नि चिलया हाक मारताच धावत येतो. चुलती ते उखळाचं फार भरभर सांगायची. घास भरवताना एवढं एक वाक्य पुटपुटायची आणि लगेच, मग आईनं हाक मारली, ये रे बाळा, आणि आला की धावत. त्यामुळं चतुराबाईंच्या डोक्यात राहिला होता तो धावत येणारा चिलया. उखळ त्या विसरल्याच होत्या.

पिक्चर काढणाऱ्याला भरभर सांगायची गरज नव्हती. त्यानं उखळ पडद्याएवढं दाखवलं. कापताना सावली दाखवली, रक्ताची चिळकांडी मात्र खरी दाखवली. आणि मग ती राणी कांडतेय, कांडतेय, आणि कांडताना गातेय. टॉकीजच्या अंधारात आधी एक पोर रडलं. मग शेजारचं. मग दोराला धरून आलेली ती सगळी फौज एका सुरात अशी रडायला लागली की वरून मशीनवाल्यानं डोकावून पाहिलं. बिल्किसनं दोन पोरांना पदराखाली घेतलं, चतुराबाई अंधारात हातानं चाचपत एकेकाचे डोळे झाकत फिरल्या. किती जणांचे झाकणार? शेवटी चिलया गळ्यात हार घालून धावत आला, तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसून हात जोडले. पोरांपैकी पडद्याकडं कुणी पाहतच नव्हतं. एकीशिवाय. सरूबाईची मथुरा पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे ताणून बघत होती, आणि रडत नव्हती.

बाहेर आल्यावर तात्यासाहेब म्हणाले, शेवट किती गोड केलाय, नाही? चतुराबाईंना वाटलं, यांना उचलून त्या उखळातच घालावं.

दुसऱ्या दिवसापासून बोळात नवंच सुरू झालं. कुणाच्या घरी उखळात मिरची कांडायला घेतली की दोन घरं पलीकडं पोर भोकाड पसरी. शेंगदाण्याच्या कुटाला पोरं हात लावीनात. एक दिवस चतुराबाई सुकडीचा डबा घेऊन बाहेर आल्या तर पोरं गोल करून बसलेली. एक पाहुणा झाला होता, एक आई, आणि एक धाकटं पोर मध्ये आडवं पडलं होतं. आई झालेलीच्या हातात बिल्किसचं लाटणं होतं. चतुराबाईंनी ते काढून घेतलं आणि सगळ्यांना कागदाची होडी करायला बसवलं, पण त्यांची स्वतःची एकही होडी धड झाली नाही. तात्यासाहेबांना हे सांगितलं, तर ते खूश झाले. बघा, म्हणाले, गोष्ट मुलांच्या मनात उतरली.

मथुरा त्या खेळात नव्हती. ती पाच वर्षांची, वयाच्या मानानं गंभीर. कड्यांना लोंबकळायची नाही, दुसऱ्यांना लोंबकळताना खालून धरायची. आताशा ती भिंतीशी बसून राहायची आणि सुकडीतली अर्धी मूठ परकराच्या ओच्यात बांधायची. आठवडा संपत आला तेव्हा तिची आई सरूबाई तणतणत आली. पोरगी घरी जेवत नाही, बालवाडीतच पोट भरून खाते की काय, असं तिचं म्हणणं. चतुराबाई काही बोलायच्या आत सरूबाई रडायलाच लागली. मग हळूहळू खरं बाहेर आलं. मथुरा आईच्या हातचं काही खातच नव्हती. केळ खायची, शेंगा फोडून खायची, जे अख्खं दिसेल तेवढंच. भाजी नाही, वरण नाही, कुटलेलं, वाटलेलं काही नाही. आणि धाकट्या बन्सीला एकटं सोडत नव्हती. आई पाणी भरायला गेली तर ही झोळीशी बसलेली, आई परत आली तरी बसलेलीच. झोपताना त्याचा पाय मुठीत धरून झोपायची.

संध्याकाळी चतुराबाई सरूबाईच्या घरी गेल्या. बोळाच्या टोकाला दोन खोल्या. नवरा बद्रीनाथ गिरणीत पाळीवर गेलेला. बन्सी झोळीत, मथुरा झोळीखाली. चतुराबाईंनी तिला जवळ घेऊन सांगितलं, की चिलया परत आला की नाही, तू पाहिलंस ना? मथुरानं मान हलवली.

"पाह्यला. पण त्याच्या आईला कुठं माहीत होतं तो परत येईल म्हणून? तिनं आधीच कापला."

यावर काय बोलायचं ते चतुराबाईंना सुचेना. पंचवीस वर्षं बालसेविकेचं काम केलेली बाई नि तिला सुचेना. सुचलं नाही की माणूस तोंडाला येईल ते बोलतो, तसंच त्या बोलल्या. म्हणाल्या, अगं येडे, तो पाहुणा मुलगाच मागतो, मुलीला कोण मागतंय? तुला कशाची भीती? बोलून त्या स्वतःच हसल्या, आणि मथुराही पुढं काही बोलली नाही, म्हणून त्यांना वाटलं की एवढं तरी काम झालं.

मग त्यांनी सरूबाईला चुलीपाशी गाठलं. पोरगी काय विचारतेय ते तुला कळतंय का, म्हणाल्या. कळतंय, सरूबाई म्हणाली. मथुरानं चार दिवसांपूर्वीच आईला सरळ विचारलं होतं, पाहुण्यानं बन्सीला मागितलं तर देशील का? आणि सरूबाई गप्प बसली होती.

चतुराबाईंचा आवाज एकदम चढला. गप्प का बसलीस? नाही देणार म्हणायला काय तोंड शिवलं होतं?

सरूबाईनं बाहेरच्या खोलीकडं एकदा पाहिलं आणि अगदी हळू सांगितलं. मथुराच्या पाठची दोन गेली होती, हे बोळाला माहीत होतं. त्यानंतर ती वेरूळला महादेवापुढं पदर पसरून बसली, नवस बोलली, आणि बन्सी झाला. "बाई, ज्यानं दिला त्यालाच नाय म्हणू? श्रावणात? त्यानं ऐकलं तर? परत नेला तर?"

चतुराबाई डोक्याला हात लावून तिथंच पाटावर बसल्या. राग तर इतका आला होता की कुणावर काढावा ते कळेना. या बाईवर काढावा, तर तिच्या भीतीत खोट नव्हती. देवावर काढावा, तर त्यांनी स्वतःच सोमवारचा उपास धरला होता. अगं, तो मागायला आलेला नाही, त्या म्हणाल्या, इथं कुणीच मागायला आलेलं नाही. विचारतेय ती तुझी पाच वर्षांची पोरगी. सरूबाईनं मान खाली घातली आणि भाकरी उलटली. ती भाकरी मथुरानं खाल्ली नाही, हे चतुराबाईंनी उंबऱ्यातून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डबे घासताना बिल्किसला सगळं सांगितलं. बिल्किस म्हणाली, आमच्याकडंही बाप लेकाच्या गळ्यावर सुरी ठेवतो, ती गोष्ट आहेच. "पण बाई, लेकरांना आम्ही पहिले बकरा दाखवते. अल्लानं बकरा भेजा, बच्चा बच गया, हे आधी. किस्सा बाद में." चतुराबाईंना हे फार पटलं. मग लेकरं घाबरत नाहीत ना, त्यांनी विचारलं. नाही, बिल्किस म्हणाली, मग बकऱ्यासाठी रडतात. आमच्या हैदरनं तर तीन दिवस बकऱ्याला घट्ट धरून ठेवला होता. चतुराबाईंनी हातातला डबा आदळला. म्हणजे कुठूनही गेलं तरी पोरांनी रडायचंच.

अशात तात्यासाहेब नवीन आनंदाची बातमी घेऊन आले. पुढच्या सोमवारी दुसरा पिक्चर. गणपती जवळ आले आहेत, तेव्हा गणपतीच्या जन्माचा. मुलांचा लाडका देव, त्यात रडण्यासारखं काही नाही.

चतुराबाईंनी शांतपणे विचारलं, त्यात बाप मुलाचं डोकं उडवतो, ते दाखवतात का? तात्यासाहेब म्हणाले, अर्थात, त्याशिवाय हत्तीचं कसं बसणार? इतका वेळ टिकलेला चतुराबाईंचा शांतपणा तिथं संपला. तलवारीचा पिक्चर तुम्ही पोरांच्या मनावर परिणाम होतो म्हणून नाकारलात, त्या म्हणाल्या, आणि आता आईनं कापलेलं पोर दाखवून झालं, बापानं कापलेलं बाकी आहे. तलवारवाला शिलेदार कोण कुठला, पोरांना त्याचं काय? आईबाप तर रोज घरी आहेत. तात्यासाहेबांनी विचारलं, की आम्ही सगळे याच गोष्टी ऐकून वाढलो, आमचं काय बिघडलं? आणि वर आवाज खाली आणून, की बाई, तुम्ही धर्माविरुद्ध बोलताय हे लक्षात येतंय का?

"सोमवार मीबी धरते, तात्यासाहेब. गोष्ट वाईट असं मी कुठं म्हणलं? ती ऐकताना मी चुलतीच्या मांडीवर होते. तिला दिसायचं मी कुठं भ्याले, तिथं ती पुढं जायची. पडद्याला मांडी नसती."

तात्यासाहेब म्हणाले, तुम्ही फार बारीक विचार करता. आणि सोमवारी सकाळी पोरं तयार ठेवा असं सांगून गेले. भिंतीशी बोलले असते तर निदान भिंतीनं पुढचा सोमवार सांगितला नसता, असं चतुराबाई बिल्किसला म्हणाल्या.

त्या सोमवारी तात्यासाहेब धोतराला इस्त्री करून वेळेआधीच हजर. बिल्किस दोर घेऊन आली, पोरं दोराला. त्या पोरांत मथुरा नव्हती. घरी आहे म्हणून सांगितलं, बिल्किस म्हणाली. चतुराबाई बालवाडीच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि काय करून हा पिक्चर बुडवावा याचा विचार चालला होता. एवढ्यात सरूबाई ओल्या केसांनी पळत आली. हातातलं बेलाचं ताट तसंच होतं. बन्सी झोळीत नव्हता. मथुराही घरात नव्हती.

तिच्या मागोमाग कडूबामामा आले, आणि ते पाहून चतुराबाईंना सगळं एका क्षणात कळलं. कडूबामामा बद्रीनाथचे मामा, गंगापूरहून सकाळच्या एसटीनं आलेले. छातीपर्यंत दाढी, गळ्यात रुद्राक्ष, कपाळाला भस्म, खांद्याला झोळी, हातात काठी. श्रावणात ते दरवर्षी असेच येत, वेरूळला जाऊन परत जात. दरवर्षी मथुरा त्यांची दाढी ओढत असे. या वर्षी ते दारात उभे राहून म्हणाले, सूनबाई, पाहुणा आलाय, आणि सरूबाई मागं न्हाणीत होती.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बालवाडीच्या मागच्या खोलीतून बन्सीच्या रडण्याचा आवाज आला. त्या खोलीला मागच्या अंगणातून वाट होती, तिकडून मथुरा त्याला काखेत मारून आत गेली होती आणि पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना आतून कड्या लावून बसली होती. आतली कडी पोरांच्या हाताला येईल इतकी खाली, घोड्यांच्या काळातली.

चतुराबाईंनी दाराशी वाकून गोड आवाजात सांगितलं की पाहुणा गेला. आतून उत्तर आलं, "खोटं. त्याची काठी दिसती." दाराखाली चांगली चार बोटं फट होती. कडूबामामांनी काठी पटकन वर उचलली, पण आता त्याचा काय उपयोग? मग त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःच समजावलं, की पोरी, मला काही नको, माझा उपास आहे, पोट बिघडलंय, मला साबुदाणासुद्धा चालत नाही. आतून मथुरा म्हणाली की पिक्चरमधला पाहुणाही आधी काही नको असंच म्हणाला होता.

बन्सी आत भुकेनं रडत होता. दोराला धरलेली पोरं एका रांगेत येऊन उभी राहिली होती आणि त्यांना सगळं कळत होतं, मोठ्यांपेक्षा जरा जास्तच. तात्यासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सुचवलं की बाकीच्या मुलांना घेऊन आपण निघावं, खेळ सुरू होईल. चतुराबाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. तात्यासाहेब कोर्टात जन्मभर राहिलेले, कुठल्या नजरेपुढं गप्प बसायचं ते त्यांना कळत होतं. तो पिक्चर पुढं दुसऱ्या बालवाड्यांनी पाहिला आणि तिथंही पोरं रडली, पण ते नंतरचं.

"आई," आतून हाक आली. "त्यानं मागितला तर देशील का?"

सगळे सरूबाईकडं पाहायला लागले. समोर रुद्राक्ष घातलेला माणूस, तिच्या हातात बेल, पोटात उपास, आणि सोमवार. चतुराबाईंच्या जिभेवर इतकं काही आलं होतं की त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला. जन्मात एवढा वेळ त्या कधी गप्प राहिल्या नव्हत्या. पण हे उत्तर त्यांनी देऊन चालणार नव्हतं. बन्सीचा आवाज रडून रडून बसत चालला होता.

सरूबाईनं ताट खाली ठेवलं. बेलाची पानं जमिनीवर सांडली, तिनं ती उचलली नाहीत. कपाळ दाराला टेकवून ती बोलली, आधी अगदी हळू आणि मग सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं.

"नाय देणार. पाहुणा येऊ दे नाय तर महादेव येऊ दे. मी नाय देणार. उपाशी जायचं तर जाऊ दे त्याला."

कडूबामामांनी डोळे मिटून हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाच ठाऊक. कडी लगेच निघाली नाही. मग निघाली. मथुरा बन्सीला काखेत घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. त्याच्या तोंडाला सुकडी लागलेली होती, ओच्यातली. सरूबाईनं त्याला घेतला, छातीशी लावला, नि तिथंच बसली. सगळे सुटल्यासारखे बोलायला लागले. बिल्किसनं दोर गुंडाळला. तात्यासाहेबांनी घड्याळ खिशात घातलं.

मथुरा अजून उंबऱ्यातच उभी होती.

"आन् मला?" तिनं विचारलं. "बाई म्हणल्या, मुलीला कोण मागतंय. पण मागितली तर?"

चतुराबाईंना वाटलं, कुणी तरी आपल्या थोबाडीत मारली. गेले आठ दिवस त्या पिक्चरवाल्यावर, तात्यासाहेबांवर, सरूबाईवर, झालंच तर देवावरही चिडत आल्या होत्या. त्या संध्याकाळी झोळीखाली बसलेल्या पोरीला आपण काय सांगून आलो, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि पोरगी ते तसंच घेऊन बसली होती. स्वतःला कुणी मागणारच नाही असं धरून ती भावाची राखण करत होती.

बन्सीचं उत्तर द्यायला सरूबाईला आठ दिवस लागले होते. या उत्तराला वेळ लागला नाही. तिनं मोकळ्या हातानं मथुराचा परकर धरून तिला ओढलं, मांडीवर घेतलं, एका बाजूला हा, एका बाजूला ती.

"तुला मागायला आला," ती म्हणाली, "तर त्याला मी उंबऱ्यातबी पाय ठेवू देणार नाय."

मथुरानं थोडा विचार केला. पाहुण्याकडं एकदा पाहिलं, त्याच्या दाढीकडं पाहिलं. मग म्हणाली, भूक लागली.

सुकडी वाटायची वेळ अजून झाली नव्हती. चतुराबाई आत गेल्या, डबा उघडला, आणि वाटी न घेता डबाच उचलून सरूबाईपुढं आणून ठेवला. सरूबाईनं मूठ भरून लेकीच्या तोंडाशी नेली. मथुरानं ती मूठ जरा न्याहाळली, आणि तोंड उघडलं.